एसआरआर नंबरामागची गोष्ट: डेटा आहे, पण काढायचा कसा?

आजचा भाग माझ्या फजितीपासून सुरू करतो. इतिहास नंतर येईलच, पण या इतिहासात मी शिरलो तो त्या फजितीमुळे.

मी पुण्यात सॉफ्टवेअर लिहितो. बीटेक कॉम्प्युटरचं, आणि बायोलॉजी दहावीनंतर जी सुटली ती सुटलीच. दोनेक वर्षांपूर्वी एका संशोधन गटासाठी आम्ही छोटं टूल बनवलं. त्याला जीनोम सिक्वेन्सिंगच्या रनचा नंबर द्यायचा, ते अमेरिकेतल्या सार्वजनिक संग्रहातून त्या रनचा डेटा उतरवून घेतं आणि नीट फोल्डरमध्ये मांडून ठेवतं. आत सगळं काम एसआरए टूलकिट नावाचं तयार सॉफ्टवेअर करतं, आमचं टूल म्हणजे त्यावर चढवलेला अंगरखा. कोड लिहायला चार दिवस लागले. मग रीडमी, म्हणजे टूल कसं वापरायचं ते सांगणारं पान, शुक्रवारी संध्याकाळी अर्ध्या तासात उरकलं.

पुढे दीड महिन्याने त्या गटातल्या पीएचडीच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थिनीचा फोन आला. "दादा, तुमच्या रीडमीमधली कमांड मी जशीच्या तशी टाकली होती. मॅडम विचारतायत, सगळ्या सॅम्पलमध्ये बरोब्बर दहा हजारच रीड्स कसे आले?"

माझ्या पोटात गोळा आला. कारण मला लगेच कळलं. कमांड चालते का हे पटकन बघण्यासाठी मी टेस्ट करताना 'डॅश एक्स दहा हजार' असं शेपूट लावलं होतं. त्याचा अर्थ पहिले दहा हजार स्पॉट घे आणि थांब. तेच शेपूट उदाहरणाच्या ओळीत राहून गेलं. एकेका रनमध्ये कोट्यवधी स्पॉट होते. ती मुलगी तीन आठवडे समुद्राऐवजी तांब्याभर पाण्याचं विश्लेषण करत होती, आणि छापील पेपरमध्ये ठळक दिसणारी जीन्स आपल्याकडे शून्य का, म्हणून स्वतःलाच दोष देत होती.

वाईट याचं वाटलं की टूलने काहीच लपवलं नव्हतं. शेवटी स्क्रीनवर 'दहा हजार स्पॉट वाचले, दहा हजार लिहिले' असं स्वच्छ छापलं होतं. पण मुळात किती असायला हवे होते, ते कुठे बघायचं, स्पॉट म्हणजे काय, हे माझ्या पानावर कुठेच नव्हतं. कारण मलाही ते नीट माहीत नव्हतं. मग रीडमी दुरुस्त करायला बसलो आणि एकेका शब्दाच्या मागे जात राहिलो.

आधी 'रन' समजून घेऊ. डीएनए वाचणारं मशीन अख्खा जीनोम एका दमात वाचत नाही. इल्युमिना कंपनीच्या मशीनमध्ये डीएनएचे बारीक तुकडे काचेच्या पट्टीवर चिकटवतात, प्रत्येक तुकड्याच्या तिथेच प्रती काढून त्याचा पुंजका बनवतात आणि मग मशीन त्या पुंजक्यांचे फोटो काढत अक्षरं वाचत जातं. फोटोतला तो प्रत्येक ठिपका म्हणजे स्पॉट. तुकडा दोन्ही टोकांकडून वाचला तर एका स्पॉटमधून दोन रीड्स मिळतात. हे पक्कं लक्षात ठेवा, पुढे लागेल. अशा कोट्यवधी ठिपक्यांची वाचनं एका खात्याखाली जमा होतात, ते खातं म्हणजे रन. संग्रहात त्याला नंबर मिळतो. एसआरआरने सुरू होणारा असेल तर डेटा अमेरिकेत जमा झाला, ईआरआर असेल तर युरोपात, डीआरआर असेल तर जपानमध्ये. तिन्ही संग्रह एकमेकांशी देवाणघेवाण करतात, त्यामुळे माल बहुतेक सगळीकडे सारखाच. रनच्या वर प्रयोग, सॅम्पल आणि अभ्यास अशी उतरंड असते आणि प्रत्येकाचा नंबर वेगळा. पेपरमध्ये बहुधा सगळ्यात वरचा नंबर छापलेला असतो, आणि टूलला लागतो सगळ्यात खालचा. नवख्यांची निम्मी रडारड इथेच होते.

आता जरा मागे जाऊ. सिक्वेन्स जमा करून सगळ्यांना वापरायला देण्याची सुरुवात एका पुस्तकाने झाली. १९६५ साली मार्गारेट डेहॉफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तोपर्यंत माहीत असलेल्या ६५ प्रोटीन्सचे सिक्वेन्स एका ॲटलासमध्ये छापले. ६५, बस. पानं उलटून बघता येतील एवढा डेटा. अमिनो ॲसिडसाठी आज आपण जी एकेक अक्षरं वापरतो तीही डेहॉफबाईंचीच देणगी. १९८२ मध्ये अमेरिकेत जेनबँक सुरू झाली. त्या डिसेंबरच्या आवृत्तीत ६०६ सिक्वेन्स होते आणि एकूण अक्षरं सहा लाख ऐंशी हजारांच्या आसपास. तुमच्या फोनमधल्या एका फोटोपेक्षाही लहान फाइल झाली ही. पण तेव्हाच युरोपात तसाच संग्रह उभा राहत होता, थोड्या वर्षांनी जपानमध्येही. पुढे तिघांनी हातमिळवणी केली.

मग १९९६ चा फेब्रुवारी. मानवी जीनोम प्रकल्पातले लोक बर्म्युडा बेटावर जमले आणि त्यांनी ठरवलं की एक हजार अक्षरांपेक्षा लांब जोडलेला सिक्वेन्स चोवीस तासांच्या आत सार्वजनिक करायचा. आधी पेपर छापू, मग देऊ, असं नाही. जॉन सल्स्टन यांनी ही तत्त्वं फळ्यावर लिहून काढली होती. आज आपण घरी बसून फुकटात कुणाचाही डेटा उतरवतो त्याची मुळं त्या फळ्यापर्यंत जातात. पण त्या फळ्यावर 'डेटा खुला करायचा' एवढंच ठरलं होतं. तो कुठल्या फॉरमॅटमध्ये आणि कुठल्या दारातून बाहेर येणार, हा प्रश्न तेव्हा मोठा वाटला नसावा. फाइली लहान होत्या.

२००५ नंतर ते बदललं. नवी मशीनं आली. आधी ४५४, मग सोलेक्सा. २००७ मध्ये इल्युमिनाने सोलेक्सा विकत घेतली. ही मशीनं छोटे तुकडे वाचायची, पण ढिगांनी. जुन्या जेनबँकेत हा ढीग मावणं शक्यच नव्हतं, म्हणून २००७ च्या सुमारास एनसीबीआयने, म्हणजे मेरीलँडमधल्या बेथेस्डाच्या सरकारी केंद्राने, नवा संग्रह उघडला. त्याचं नाव शॉर्ट रीड आर्काइव्ह. थोड्याच वर्षांत रीड्स काही 'शॉर्ट' राहिले नाहीत, तेव्हा नाव झालं सीक्वेन्स रीड आर्काइव्ह. एसआरए हे लघुनाव तेच राहिलं. सरकारी खात्यात एवढी हुशारी क्वचित दिसते.

आता फास्टक्यू नावाच्या फाइलबद्दल बोलू. इथे मला सगळ्यात जास्त मजा आली, त्यामुळे थोडा वेळ जाईल.

रीड्स मिळतात ते फास्टक्यू फाइलमध्ये. एका रीडच्या चार ओळी असतात. पहिली नावाची, ॲट चिन्हाने सुरू होणारी. दुसरी अक्षरांची. तिसरी अधिक चिन्हाची. चौथी गुणवत्तेची, म्हणजे मशीनला प्रत्येक अक्षराबद्दल किती खात्री आहे ती. ही खात्री आकड्यात असते. तीस म्हणजे चूक असण्याची शक्यता हजारात एक, वीस म्हणजे शंभरात एक. जागा वाचवायला हा आकडा एकाच कीबोर्ड चिन्हात कोंबतात. आकड्यात ३३ मिळवायचे आणि आस्की तक्त्यात त्या क्रमांकाचं जे चिन्ह असेल ते लिहायचं.

हा फॉरमॅट २००० च्या सुमारास इंग्लंडमधल्या सँगर इन्स्टिट्यूटमध्ये जिम मलिकिन यांनी बनवला. ऑफिसमधल्या ऑफिसात चालणारी सोय होती ती, आणि तिचं नीट लिहिलेलं अधिकृत वर्णन कुणी केलंच नाही. लोक एकमेकांच्या फाइली बघून शिकले. मग सोलेक्साने तोच फॉरमॅट उचलला, पण ३३ ऐवजी ६४ मिळवले, आणि खात्रीचं सूत्रही स्वतःचं वेगळं घेतलं. नंतर इल्युमिनाने सूत्र सगळ्यांसारखं केलं, पण ६४ तसेच ठेवले. म्हणजे एकाच नावाच्या तीन फाइली, दिसायला सारख्या आणि अर्थ तिघींचा वेगळा. ६४ वाली फाइल ३३ समजून वाचली तर प्रत्येक अक्षराला ३१ गुण फुकट मिळतात आणि कचरा एकदम अव्वल दर्जाचा दिसायला लागतो. कुठलीही एरर येत नाही.

या गोंधळाचं लिखित वर्णन शेवटी २०१० च्या एका पेपरमध्ये आलं. बायोपायथन, बायोपर्ल अशा खुल्या प्रकल्पांत काम करणाऱ्या मंडळींनी एकत्र बसून लिहिलं की हे तीन प्रकार असे, यातला मूळ हा, फरक हे, आणि एकातून दुसऱ्यात जायचं तर असं. त्यांनी नवीन काही शोधलं नव्हतं. दहा वर्षं लोक जे वापरत होते ते कागदावर उतरवलं, एवढंच. त्या पेपरला पुष्कळ संदर्भ मिळाले आहेत. इल्युमिनाही २०११ मध्ये ३३ वर परत आली. आणि मलिकिनसाहेबांच्या मूळ डिझाइनमधली एक गंमत अजून आहे: ॲट हे चिन्ह गुणवत्तेच्या ओळीतही येऊ शकतं, कारण ते ३१ या आकड्याचं चिन्ह आहे. त्यामुळे 'ॲटने सुरू होणाऱ्या ओळी मोजा, तितके रीड्स' असं कुणी शिकवलं तर विश्वास ठेवू नका. ओळी मोजा आणि चारने भागा.

त्याच २०११ मध्ये एसआरएचा जीवच जायची वेळ आली होती. फेब्रुवारीत एनसीबीआयने जाहीर केलं की बजेट नाही, संग्रह टप्प्याटप्प्याने बंद करू. जगभरच्या पेपरांमध्ये त्याचे नंबर छापलेले होते. युरोप आणि जपानच्या संग्रहांनी सांगितलं की आम्ही चालू ठेवू. वर्ष संपायच्या आत अमेरिकेतही निधीची सोय झाली आणि दार उघडं राहिलं. आपण कमांड मारतो तेव्हा पलीकडे कुणीतरी विजेचं बिल भरत असतं, हे आम्हा कोडवाल्यांच्या डोक्यातच येत नाही.

आता टूलकिट. एसआरए डेटा फास्टक्यूत साठवत नाही. आतमध्ये त्याचा स्वतःचा दाबून बसवलेला डेटाबेस असतो, ज्यात अक्षरं, गुणवत्ता आणि नावं वेगवेगळ्या स्तंभांत ठेवतात. जागेसाठी उत्तम, पण तुमचं नेहमीचं सॉफ्टवेअर ते वाचू शकत नाही. म्हणून 'फास्टक्यू-डंप' नावाचं टूल दिलं. आणि इथे ती दोन टोकांची गोष्ट परत येते. काहीही पर्याय न देता ते चालवलं तर एका स्पॉटचे दोन्ही रीड्स एकाला एक चिकटवून एकच लांब रीड म्हणून लिहितं! पुढचं सॉफ्टवेअर ते बिनतक्रार गिळतं आणि उत्तर चुकतं. दोन फाइली हव्या असतील तर 'स्प्लिट-फाइल्स' म्हणायचं. आणि 'स्प्लिट-३' म्हटलं की जोड्या दोन फाइलींत जातात आणि ज्याची जोडी हरवली ते एकटे रीड्स तिसऱ्या फाइलीत. मदतीच्या पानावर हे सगळं होतं, नाही असं नाही. पण डझनावारी पर्यायांच्या यादीत एकेक ओळ. कुठला कधी वापरायचा आणि न वापरल्यास काय बिघडेल, ते नव्हतं. त्यामुळे वर्षानुवर्षं खरं मॅन्युअल विद्यार्थ्यांच्या नोट्समध्ये, वर्कशॉपच्या हँडआउटमध्ये आणि सीनियरने ज्युनियरला पाठवलेल्या कमांडमध्ये राहिलं. आपल्याकडे झेरॉक्सच्या दुकानात मिळणाऱ्या नोट्स असतात ना, तसंच.

पुढे 'फास्टरक्यू-डंप' आलं. वेगवान, एकावेळी अनेक धागे वापरणारं, आणि स्प्लिट-३ आपोआप करणारं. म्हणजे जुन्या टूलमधला सगळ्यात मोठा खड्डा बुजवला. याचं वर्णनही बरंच माणसाळलेलं आहे. मला त्यातला जागेचा हिशोब फार आवडला. फास्टक्यू साधारण सातपट होते, तात्पुरत्या फाइली त्याच्याही दीडपट, म्हणजे काम चालू असताना मूळ फाइलीच्या सुमारे सतरापट जागा लागेल असं धरा. पाच जीबीच्या रनला पंच्याऐंशी जीबी. हा एक आकडा आधी माहीत असता तर कितीतरी सर्व्हरच्या डिस्का रात्री दोन वाजता भरल्या नसत्या. (हो, आमचाही.) मात्र हे टूल फाइल दाबून देत नाही, ते तुम्हीच नंतर करायचं. आणि 'प्रीफेच' नावाचं उतरवणारं टूल वीस जीबीपेक्षा मोठी फाइल स्वतःहून घेतच नाही, मर्यादा वाढवून द्यावी लागते.

अलीकडची अजून एक अडचण. जागा वाचवायला एसआरएने 'लाइट' नावाचा प्रकार आणला. त्यात प्रत्येक अक्षराची वेगळी गुणवत्ता नसते. रीड पास असेल तर सगळ्या अक्षरांना सरसकट ३०, नापास असेल तर ३. आता ३० मध्ये ३३ मिळवा, ६३ येतात, आणि तक्त्यात ६३ म्हणजे प्रश्नचिन्ह. त्यामुळे फाइल उघडली की गुणवत्तेच्या ओळीत एकापुढे एक नुसती प्रश्नचिन्हं! ज्याला हे माहीत नाही त्याला वाटतं फाइल खराब झाली. आमच्या त्या विद्यार्थिनीचा दुसरा फोन यासाठीच होता, आणि या वेळी मला उत्तर देता आलं.

पण डेटा असणं आणि डेटा सापडणं यातला फरक जगाला दिसला तो २०२१ मध्ये. सिएटलच्या फ्रेड हचिन्सन केंद्रातले जेसी ब्लूम कोविडच्या सुरुवातीचे सिक्वेन्स शोधत होते. दुसऱ्याच कुणाच्या पेपरला जोडलेल्या तक्त्यात त्यांना मार्च २०२० मध्ये एसआरएत असलेल्या नोंदींची यादी मिळाली. त्यात वुहानमधल्या सुरुवातीच्या रुग्णांच्या सॅम्पलचा एक प्रकल्प होता. त्यांनी नंबर टाकून बघितला, तर एसआरएत तशी नोंदच नाही. ज्यांनी डेटा जमा केला त्यांच्याच विनंतीवरून २०२० च्या जूनमध्ये ती काढून टाकली होती. नियमाने त्यांना तसा अधिकार असतो. मग ब्लूम यांच्या लक्षात आलं की एसआरएच्या प्रती गूगलच्या क्लाउडवरही ठेवतात आणि तिथल्या पत्त्यांची रचना ठरावीक असते. नंबरावरून पत्ता तयार केला, आणि फाइली तिथे होत्या! त्यातून १३ विषाणूंचे अपुरे का होईना सिक्वेन्स त्यांनी जुळवले. यावर मोठं वादळ झालं. काहींनी दाखवून दिलं की महत्त्वाचे बदल त्या चिनी गटाने स्वतःच्या पेपरमधल्या तक्त्यात आधीच छापले होते, त्यामुळे लपवाछपवी म्हणणं घाईचं आहे. विषाणू आला कुठून याचं उत्तर यातून मिळालं नाही, हे ब्लूम यांनाही मान्य होतं. मला यात रस वेगळ्याच गोष्टीचा आहे. डेटा परत मिळाला तो दोन कारणांनी. एक, कुणीतरी आपल्या पेपरला कंटाळवाणी यादी इमानदारीने जोडली होती. दोन, पत्ते कसे बनतात ते बाहेरच्या माणसालाही ओळखता आलं.

आणि तोच संग्रह दुसऱ्या बाजूने बघा. २०२२ मध्ये सेरेटस नावाच्या प्रकल्पाने सत्तावन्न लाख सॅम्पलचा सार्वजनिक डेटा क्लाउडवरच चाळून लाखाहून जास्त नवे आरएनए विषाणू शोधले. एकही नवीन नमुना गोळा न करता. लोकांनी कशाकशासाठी जमा केलेला डेटा होता तो. माती, प्राणी, समुद्र.

आपल्याकडचं काय? रनचे नंबर आणि माहिती शोधायची कटकट कमी करणारं 'पायएसआरएडीबी' हे पायथन टूल साकेत चौधरी यांनी लिहिलं, पेपर २०१९ चा. ते आयआयटी मुंबईत शिकले आणि आता तिथेच शिकवतात. सुरुवातीला ते टूल सगळी माहिती असलेल्या एका भल्यामोठ्या एसक्यूलाइट फाइलवर चालायचं, जी आधी उतरवून ठेवावी लागे. नंतर थेट एनसीबीआयच्या सेवेलाच विचारायची सोय झाली. अभ्यासाचा नंबर द्या, खालच्या सगळ्या रनची यादी घ्या. वर मी ज्या उतरंडीचं रडगाणं गायलो ती एका ओळीत पार होते, आणि उदाहरणं अशी लिहिलीत की वाचताना पुढचा प्रश्न पडायच्या आत उत्तर येतं. मी माझं रीडमी दुसऱ्यांदा लिहिताना तेच समोर उघडून ठेवलं होतं.

भारताचा स्वतःचा संग्रह, इंडियन बायोलॉजिकल डेटा सेंटर, फरिदाबादला २०२२ मध्ये सुरू झाला. जीनोमइंडिया प्रकल्पातल्या दहा हजार भारतीयांचा डेटा जानेवारी २०२५ मध्ये तिथेच संशोधकांसाठी खुला झाला, अर्थात माणसांचा डेटा असल्यामुळे अर्ज आणि परवानगीच्या चौकटीत.

माझ्या रीडमीत आता उदाहरणाच्या कमांडमध्ये शेपूट नाही. टेस्टची कमांड वेगळ्या भागात आहे आणि तिच्या आधीच्या ओळीत लिहिलंय की हिने डेटा अर्धवट येतो. टूल काम संपल्यावर संग्रहातला स्पॉटचा आकडा आणि आपल्याकडे आलेला आकडा शेजारीशेजारी छापतं, जुळले नाहीत तर लाल रंगात. त्या विद्यार्थिनीला मी मसुदा वाचायला पाठवला होता. तिने सतरा ठिकाणी 'म्हणजे काय?' असं लिहून परत पाठवला. तिचे तीन आठवडे वाया गेले ते गेलेच. विश्लेषण तिला पहिल्यापासून करावं लागलं, आणि त्या वेळी रन होते बेचाळीस. स्पॉटची व्याख्या मात्र त्या पानावर तिनेच लिहिली आहे, मराठीत, आणि ती माझ्यापेक्षा दोन ओळींनी लहान आहे.